हौशी ट्रॅक खरा किती? घरबसल्या मोजणी करायची रीत

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट असेट्टो कोर्सा या संगणकावरच्या मोटारशर्यतीच्या खेळाच्या अधिकृत यादीत नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक नाही, कोईमतूरचा कारीही नाही. त्यामुळे फोंड्यात किंवा म्हापशात बसून स्टिअरिंग फिरवणाऱ्याला भारतातल्या ट्रॅकवर गाडी घालायची असेल, तर कुणा हौशी माणसाने बनवलेला ट्रॅक उतरवून घेण्यावाचून इलाज नसतो. उतरवला, एक लॅप मारला, स्टँड दिसले, फलक दिसले, की ग्रुपवर निकाल जाहीर होतो: "पात्रांव, एकदम ओरिजिनल!" लगेच दुसरा म्हणतो, "कसला ओरिजिनल, माझं टायमिंग तीन सेकंद कमी येतं." मोजलेलं दोघांनीही नसतं.

मोजता मात्र येतं, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. खेळ तुमच्याकडे आहेच, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि आकडेमोडीला एक्सेल किंवा तसलंच काहीतरी पुरतं. एक शनिवार-रविवार गेला की एका ट्रॅकची कुंडली हातात येते. इथली उदाहरणं असेट्टो कोर्साची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक जण तोच चालवतात आणि २०१४ सालचा असूनही त्यात नवे ट्रॅक येतच असतात. आरफॅक्टर या खेळवाल्यांनाही हीच रीत चालेल. आयरेसिंग या खेळात बाहेरचे ट्रॅक घालताच येत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही.

दोन रस्ते, एकावर एक

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. खेळात रस्ता एक दिसत असला तरी आत दोन असू शकतात. एक डोळ्यांसाठी: डांबराचा रंग, टायरचे काळे पट्टे, कर्बचे, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्याचे, लाल-पांढरे पट्टे. दुसरा चाकांसाठी: त्रिकोणांची न दिसणारी जाळी, जिच्यावर टायर प्रत्यक्ष टेकतो. असेट्टो कोर्सात या दुसऱ्या जाळीच्या तुकड्यांची नावं आकड्याने सुरू होतात, त्यावरून खेळाला कळतं की इथे डांबर आहे, इथे गवत, इथे भिंत. स्टिअरिंगमधून हाताला जे जाणवतं ते सगळं या जाळीतून येतं. गावच्या जत्रेतल्या नाटकात पडद्यावर राजवाडा कितीही झकास रंगवलेला असो, नटाचा पाय पडतो तो मंचाच्या फळ्यांवर. आपल्याला फळ्या तपासायच्या आहेत.

म्हणून झाडं, स्टँड, जाहिराती, आकाश यांवरून ट्रॅकला गुण देऊ नका. अनेक देखण्या ट्रॅकची चाकांची जाळी इतकी ढोबळ असते की वळणात गाडी एका सपाट तुकड्यावरून दुसऱ्यावर उतरताना हाताला ठक-ठक लागते. उलट काही ट्रॅक दिसायला भिकार, पण रस्ता सेंटिमीटरपर्यंत बरोबर.

आधी वंशावळ बघा

ट्रॅकबरोबर आलेली माहिती वाचा. कुणी वाचत नाही, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. शोधायच्या गोष्टी तीन: ट्रॅक मुळापासून बनवला आहे की जुन्या खेळातून उचलून आणला आहे, उंचीची माहिती कुठून घेतली, आणि ट्रॅक कोणत्या सालचा आहे.

उचलून आणलेला असेल तर मूळ खेळाच्या काळात माहिती काय उपलब्ध होती याचा विचार करा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बहुतेक जण उपग्रहाचं चित्र खाली ठेवून वरून रेघ मारत आणि चढ-उतार टीव्हीवर बघून अंदाजाने देत. तसला ट्रॅक नव्या खेळात आणून त्याला नवं गवत लावलं की तो नवा दिसतो, हाडं मात्र जुनीच राहतात. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या खेळातून विनापरवाना काढलेला ट्रॅक असेल तर तो वाटायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

"लिडारवरून बनवला" असं लिहिलेलं असेल तर देश बघा. लिडार म्हणजे विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजणं. इंग्लंडची पर्यावरण संस्था अशी माहिती फुकट देते, नेदरलँड्सही देतं. म्हणून सिल्व्हरस्टोन किंवा झांडव्होर्टचा हौशी ट्रॅक खरोखर अव्वल असू शकतो. भारतात अशी बारीक आणि सर्वांना खुली माहिती नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहांवरून केलेली उंचीची माहिती मिळते, पण तिचे ठिपके सुमारे ३० मीटरवर आहेत. तेव्हा एखाद्या भारतीय ट्रॅकवर लिडारचा शिक्का दिसला, तर ते लिडार आलं कुठून हे बनवणाऱ्याला विचारा.

सालाचंही तसंच. झांडव्होर्ट २०२० च्या आधी एक ट्रॅक होता, नंतर दुसराच झाला. शेवटच्या वळणाला सुमारे १८ अंशांचा कल दिला गेला. आधीच्या सालचा हौशी ट्रॅक नव्या व्हिडिओशी ताडून "चूक, चूक" म्हणून ओरडणं म्हणजे बनवणाऱ्यावर अन्याय.

गाडीलाच सर्व्हेयर करा

आता खरं काम. ट्रॅकची फाइल फोडून जाळी बाहेर काढता येते, पण पुष्कळ ट्रॅक कुलूपबंद असतात, आणि बनवणाऱ्याची परवानगी नसताना फोडाफोडी करणं मला पटतही नाही. त्याहून सोपा मार्ग आहे. खेळातली गाडी जिथे उभी असते त्या जागेचे तीन आकडे खेळ स्वतःच सांगतो: दोन आडवे, एक उंचीचा. पायथनमधलं दहा-वीस ओळींचं ॲप खेळाच्या ॲप्सच्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि हे तीन आकडे सेकंदाला दहा वेळा फाइलमध्ये लिहायचे. ॲप लिहिता येत नसेल तर कॉलेजातल्या कुणाही मुलाला सांगा, संध्याकाळपर्यंत देईल. एक काळजी घ्या: प्रत्येक ओळ लिहिली की ती लगेच डिस्कवर उतरली पाहिजे. जूनमध्ये वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नाही, आणि लॅपच्या शेवटी सगळं एकदम लिहिणारं ॲप तेव्हा सगळंच घालवतं.

गाडी कडक सस्पेन्शनची निवडा, म्हणजे ती वळणात कलणार नाही. सरावाच्या सत्रात एकटेच जा. वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे सेकंदाला दहा मीटर, आणि दर मीटरला एक ठिपका पडतो. असे तीन लॅप करायचे:

पहिला, डावी चाकं डाव्या पांढऱ्या रेघेवर ठेवून.
दुसरा, उजवी चाकं उजव्या रेघेवर ठेवून.
तिसरा, शक्य तितका मधोमध.

कंटाळवाणं आहे हे कबूल. पण रेसिंग लाइन, म्हणजे शर्यतीतली सगळ्यात वेगवान वाट, धरू नका, वळण कापू नका, आणि कर्बवर चढू नका. या तीन फाइलींमधून लांबी, रुंदी, चढ, आडवा उतार, वळणाची त्रिज्या असं सगळं निघतं.

लांबी, आणि ६.२८ ची गंमत

मधल्या लॅपच्या लागोपाठच्या ठिपक्यांमधली अंतरं जोडली की लांबी आली. अधिकृत लांबी मध्यरेषेवरून मोजलेली असते, म्हणून ताडायची ती मधल्या लॅपशीच. बुद्धची अधिकृत लांबी ५.१२५ किलोमीटर, इरुंगट्टुकोट्टईची ३.७१७. अर्ध्या टक्क्याच्या आत फरक आला तर मी पुढे जातो. बुद्धसाठी तो साधारण २५ मीटर.

फरक त्याहून मोठा निघाला की लोक म्हणतात, "चढ-उतारामुळे असेल." तसं होत नाही. सलग दहा टक्के चढ असला तरी रस्त्याची लांबी नकाशावरच्या लांबीपेक्षा अर्धा टक्काच वाढते, आणि कुठलाही ट्रॅक अख्खाच्या अख्खा चढत नाही.

लांबी भलतीच जास्त आली तर एका जुन्या रोगाचा संशय घ्या. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या रीतीत) असतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जाल तसं अंतर फुगत जातं. गोव्यात ते सुमारे ३.७ टक्के फुगतं, ग्रेटर नोएडात सुमारे १३.६ टक्के, आणि बेल्जियममधल्या स्पाला तर ५७ टक्के. बनवणाऱ्याने तोच नकाशा मीटर समजून घेतला तर बुद्ध ५.८२ किलोमीटरचा होतो. स्पाची चूक पाहताक्षणी कळते. भारतातली चूक मध्यम असल्यामुळे लपून राहते, आणि सगळे म्हणतात, "सरळ रस्ता जरा लांब वाटतो नाही?" क्यूजीआयएसमध्ये स्वतः मोजताना यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपाचा ४३ उत्तर हा पट्टा निवडा. गोवा, ग्रेटर नोएडा आणि कोईमतूर तिन्ही त्यातच येतात. चेन्नईसाठी ४४.

आता रुंदी. ती प्रत्येक ठिकाणी डाव्या आणि उजव्या ठिपक्यांमधल्या अंतरावरून निघते. गाडीची नोंद तिच्या मध्याची असते, म्हणून त्यात गाडीची रुंदी मिळवायची. पण सरासरी रुंदी काढायची एक सुंदर युक्ती आहे. बंद वर्तुळासारखा, स्वतःला न छेदणारा ट्रॅक असेल, तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा नेमकी रुंदीच्या ६.२८ पट लांब असते. वळणं किती आणि कशी आहेत याच्याशी संबंध नाही, पूर्ण फेरी झाली की झालं. समजा डावा लॅप उजव्यापेक्षा ७० मीटरने लांब आला आणि गाडी १.८ मीटर रुंद आहे. ७० भागिले ६.२८ म्हणजे सुमारे ११.१, अधिक १.८, म्हणजे सरासरी रुंदी १२.९ मीटर. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमांत कायमस्वरूपी सर्किटची रुंदी निदान १२ मीटर आणि स्टार्टच्या जागी १५ मीटर असावी लागते, त्यामुळे हा आकडा पटण्यासारखा. नऊ आला असता तर कुठेतरी पाणी मुरतंय. ही युक्ती सुझुकाला चालत नाही. तो ट्रॅक इंग्रजी आठच्या आकाराचा, स्वतःवरून जाणारा आहे, आणि तिथे दोन्ही कडांच्या लांब्या जवळजवळ सारख्या येतात.

नकाशावर ठेवून बघणे

मधल्या लॅपची फाइल क्यूजीआयएसमध्ये उपग्रहाच्या चित्रावर टाका. ती आपोआप जागेवर बसणार नाही, कारण खेळाचा शून्य कुठेही असतो. फक्त सरकवायची आणि फिरवायची. ताणायची नाही. ताणून बसवली तर चूक झाकली जाते आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही. एकमेकांपासून दूर असलेली तीन वळणं जुळवा आणि उरलेली कुठे पडतात ते बघा. सगळा ट्रॅक एकाच दिशेने चार-पाच मीटर सरकलेला दिसला तर सोडून द्या, उपग्रहाचं चित्रही तेवढं इकडेतिकडे असतं. एकच वळण वेगळ्या दिशेला पळालं असेल तर ते लिहून ठेवा.

वळणाची त्रिज्या काढायला गवंडीसुद्धा वापरतो तो हिशेब पुरे. वळणाच्या दोन टोकांना सरळ रेघ जोडा, तिच्या मध्यापासून वळणापर्यंतचं अंतर मोजा. रेघेच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक त्या अंतराचा निम्मा. रेघ ४० मीटर आणि अंतर ८ मीटर असेल तर त्रिज्या २९ मीटर. चित्रावर २९ आणि खेळात ३३ आली तर काय बिघडलं? टायरची पकड एक (म्हणजे गाडीच्या वजनाइतकाच आडवा जोर) धरली तर सपाट रस्त्यावर २९ मीटरच्या वळणात ताशी ६१ किलोमीटर निघतात, ३३ च्या वळणात ६५. चार किलोमीटरचा फरक, आणि पुढच्या सरळ रस्त्याभर तो वाहत जातो.

हे लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळात याहून मोठा फरक बघणार आहोत.

उंची: इथेच सगळ्यात जास्त थापा असतात

हौशी ट्रॅकचा नकाशावरचा आकार आता सहसा बरोबर असतो. उपग्रहाची चित्रं सगळ्यांकडे आहेत. उंचीची माहिती मात्र बहुतेकांनी एसआरटीएममधून घेतलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडार फिरवून जगाची उंची मोजली, ती ही माहिती. फुकट, ध्रुवांकडचा भाग सोडून जवळजवळ सगळ्या जगाची, आणि ३० मीटरवर एक ठिपका.

आता तारीख परत वाचा. फेब्रुवारी २०००. बुद्ध सर्किट ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झालं. हरमान टिल्के यांनी आखलेल्या या ट्रॅकचे चढ-उतार मुद्दाम माती हलवून तयार केलेले आहेत, कारण तो प्रदेश मुळात सपाट. म्हणजे एसआरटीएमवरून बनवलेल्या बुद्धमध्ये तुम्ही चालवता ती सर्किट होण्याआधीची सपाट जमीन. तिसऱ्या वळणाकडे चढणारा रस्ता त्या माहितीत असूच शकत नाही. बनवणाऱ्याने तो हाताने उचलला असेल, तर किती उचलला हा त्याचा अंदाज.

याचा पडताळा गोव्यातच घेता येतो. मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला. एसआरटीएममध्ये त्या रेषेवरून उंचीचा आलेख काढा. पूल नाही, खाली नदीच आहे. मग पणजी-रायबंदरचा जुना बांध घ्या. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला, जवळजवळ तीन किलोमीटर, आणि पाण्याच्या पातळीवरून जाणारा. तिथे रस्ता सपाट आहे हे रोज जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. तरीही तुमच्या आलेखात वर-खाली दात दिसतील, काही बाजूच्या खारफुटीमुळे, काही मोजणीच्या गोंगाटामुळे. ते दात किती उंच आहेत ते लिहून ठेवा. तुमच्या माहितीवर किती विश्वास टाकायचा याचं ते माप. बुद्धच्या आलेखात त्याहून लहान चढ दिसला तर त्याला चढ म्हणू नका.

एसआरटीएमऐवजी कोपर्निकस ही उंचीची माहिती घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. तीही फुकट आणि ३० मीटरची, पण मूळ मोजणी जर्मनीच्या उपग्रहांनी साधारण २०११ ते २०१५ या काळात केलेली. म्हणजे बुद्ध सर्किट तिच्यात येतं. तिच्यात स्टँडचं छप्पर आणि झाडांचे शेंडेही येतात, हे मात्र विसरू नका.

आणि ३० मीटरचा ठिपका म्हणजे काय, तेही समजून घ्या. मोठा चढ त्यातून बरा कळतो, रस्त्यावरचा उंचवटा कळत नाही. तो आजूबाजूच्या ठिपक्यांत विरघळतो. समजा उंचवट्याचा उभा गोलावा २०० मीटर त्रिज्येचा आहे. ताशी १०० ने त्यावरून गेलात तर गाडीचं सुमारे ३९ टक्के वजन हलकं होतं. ढोबळ माहितीत तोच गोलावा ४०० मीटरचा झाला तर फक्त २० टक्के. खऱ्या रस्त्यावर तिथे ब्रेक मारला तर चाक लॉक होईल, खेळात गाडी आरामात थांबेल. दोन्हीकडे माथ्याची उंची मात्र सारखीच असू शकते. म्हणून नुसती सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालची जागा ताडून समाधान मानू नका. स्पामध्ये वर-खाली शंभर मीटरच्या आसपास फरक आहे एवढं जुळवणं सोपं, पण तिथल्या ओ रूज या खोलगट वळणाच्या तळाशी गाडी किती दबते ते जुळवणं कठीण.

तुमच्या मधल्या लॅपच्या उंचीचा आलेख काढा, खाली अंतर, बाजूला उंची. चढाचा टक्का दर वीस मीटरला काढा. आलेख लांब, गुळगुळीत लाटांसारखा असेल आणि कुठेही लहान उंचवटा नसेल, तर उंची ढोबळ माहितीतून आली आहे असं समजा. उलट दर काही मीटरला सारख्याच आकाराचे खड्डे दिसले तर ते संगणकाने पसरलेले नकली खड्डे. खरा रस्ता एवढा नियमित कधीच नसतो, आमच्याकडचा तर नाहीच.

आडवा उतार

या भागाकडे फार कमी लोक बघतात, आणि माझ्या मते ट्रॅकचा खरेपणा इथेच ठरतो. डाव्या लॅपची आणि उजव्या लॅपची उंची एकाच ठिकाणी वजा करा, दोन्ही ठिपक्यांमधल्या अंतराने भागा (इथे गाडीची रुंदी मिळवायची नाही). मिळाला आडवा उतार. सरळ रस्त्यावर दोन टक्के म्हणजे १२ मीटरला २४ सेंटिमीटर. आकाशातून ३० मीटरवर ठिपके टाकणाऱ्या माहितीत हे कधीच सापडणार नाही. म्हणून बनवणाऱ्याने वेगळे कष्ट घेतले नसतील तर आडवा उतार सगळीकडे शून्य येतो, नाहीतर जमिनीच्या उताराप्रमाणे भलतीकडे कललेला.

आता मघाचं २९ मीटरचं वळण घ्या. सपाट असताना ६१. बाहेरची बाजू दहा टक्के उचलली तर ६७. म्हणजे त्रिज्येतली चार मीटरची चूक चार किलोमीटरची, आणि न दिलेला कल सहा किलोमीटरचा. पहिली चूक वरून बघणाऱ्याला दिसते आणि तिच्यावर वाद होतो. दुसरी दिसत नाही. बुद्धच्या दहा-अकरा क्रमांकाच्या लांब, कललेल्या वळणात हा आकडा आधी काढा. तिथे शून्याच्या जवळ आला तर बाकी ट्रॅक कितीही नटवलेला असो, माझ्या यादीतून तो गेला.

खरा कल किती हे कळायचं कसं? जमिनीवरून काढलेले फोटो शोधा, ज्यात रस्त्याबरोबर स्टार्टची कमान, पुलाचा आडवा गर्डर किंवा स्टँडची पायरी दिसते. या गोष्टी सपाट बसवलेल्या असतात. त्यांची रेघ आणि रस्त्याची आडवी रेघ यांतला कोन मोजा. फोटोच्या मध्यभागातलीच रेघ घ्या, कडेला लेन्स वाकवते. आणि पावसातले व्हिडिओ बघा. पाणी कुठे साचतं आणि कोणत्या बाजूला वाहून जातं, यावरून उताराची दिशा तरी नक्की कळते.

व्हिडिओ लावून मोजणे

गाडीतून काढलेला खरा व्हिडिओ आणि खेळातला लॅप शेजारी लावणं ही लोकांची आवडती पद्धत. तिच्यात दोन खोड्या आहेत. एक, कॅमेऱ्याचा दृष्टिकोन वेगळा असेल तर तोच रस्ता कधी अरुंद, कधी रुंद भासतो. एफ-वनचा कॅमेरा चालकाच्या डोक्यावर असतो, तुमचा डोळ्यांच्या जागी. दोन, खेळात गाडी वेगळी, वेग वेगळा. म्हणून "दिसतंय तसंच" याला मी पुरावा धरत नाही.

फ्रेम मोजा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ताशी ३०० ने जाणारी गाडी शंभर मीटर ३० फ्रेममध्ये पार करते. वेगाचा आकडा पडद्यावर येत असेल तर दोन खुणांमधलं अंतर असं काढता येतं. खुणा निवडताना ब्रेकचे २००, १५०, १०० चे फलक घेऊ नका. ते सजावटीचा भाग असतात, बनवणारा कुठेही रोवतो. पूल, कमान, पिटच्या भिंतीचं टोक असल्या हलणार नाहीत अशा गोष्टी घ्या. एफ-वनच्या स्टार्टच्या चौकटी एकामागून एक आठ मीटरवर असतात, तीही एक आयती मोजपट्टी. बुद्धच्या तिसऱ्या आणि चौथ्या वळणामधला सरळ रस्ता सुमारे १.०६ किलोमीटर आहे. तो जुळला की लांबीचा बराचसा संशय फिटतो.

लॅप टाइमबद्दल थोडक्यात: तो पुरावा नाही. सेबास्टियन व्हेटलने २०११ च्या शर्यतीत बुद्धवर १ मिनिट २७.२४९ सेकंदांचा लॅप केला होता. तुमचा हौशी एफ-वन गाडीतला लॅप त्याच्या जवळ आला म्हणून ट्रॅक खरा होत नाही, आणि दूर गेला म्हणून खोटा. गाडी, टायर आणि ट्रॅकच्या फाइलमध्ये लिहिलेली डांबराची पकड या तिन्ही गोष्टी कुणीतरी हाताने भरलेल्या असतात, आणि एकीची चूक दुसरी झाकू शकते.

घाट स्वतः बनवायचा असेल तर

गोव्यातल्या माणसाला एक मोठी सोय आहे. स्पाला जाता येत नाही, पण सत्तरीत केरीच्या पुढे चोर्ला घाट चढता येतो, करमल घाट राष्ट्रीय महामार्ग ६६ वरच आहे. हाताने मोजता येणारा रस्ता एकदा बनवून बघा, मग दुसऱ्यांच्या ट्रॅकमधल्या चुका पटापट दिसतात.

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत त्याहून वाईट, आणि उंचीला तर भरवशाचाच नाही. उंचीसाठी ज्या फोनमध्ये वायुभारमापक आहे तो घ्या. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे तुम्ही साधारण साडेआठ मीटर चढलात. गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा आणि एसीचा पंखा बंद करा, नाहीतर आतला दाब वेगळाच खेळ करतो. घाट चढा, लगेच उतरा, दोन्हींची सरासरी काढा. मधल्या काळात हवामान बदललं तर ते अशाने वजा होतं. पावसाळ्यात हे करू नका, ढग आले की आलेख नाचतो. पानगळीनंतरचा फेब्रुवारी-मार्च बरा.

आडव्या उतारासाठी गवंड्याची दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि लेव्हल पुरते. पट्टी सपाट धरली की खालच्या टोकाखाली पाच सेंटिमीटर फट राहिली तर उतार अडीच टक्के. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमांप्रमाणे डोंगरी रस्त्यावर, जिथे बर्फ पडत नाही तिथे, वळणाचा कल जास्तीत जास्त दहा टक्के आणि सपाट प्रदेशात सात टक्के. हेअरपिनची आतली त्रिज्या निदान १४ मीटर. तुमच्या मोजणीत पंधरा टक्के आले तर पट्टी पुन्हा लावा.

ही मोजणी भल्या पहाटे, दोघांनी, चमकणारी जाकिटं घालून, आणि जिथे गाडी बाजूला घेता येते तिथेच करायची. वळणाच्या तोंडावर उकिडवं बसून नाही. चोर्ल्याला म्हादईचं अभयारण्य लागून आहे, त्यामुळे रस्ता सोडून आत शिरू नका. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तो भाग कोणत्या रंगात आहे ते बघा. दाबोळीला नौदलाचा तळ असल्यामुळे गोव्याचा बराच भाग सरसकट मोकळा नाही. आणि घाटात वेग तपासायला जाऊ नका, त्यासाठीच तर हा खेळ आहे.

निकाल कसा लिहायचा

"ॲक्युरेट" किंवा "फालतू" असं लिहून कुणाचाच फायदा होत नाही. मी माझ्यापुरत्या मर्यादा अशा ठेवल्या आहेत: लांबी अर्ध्या टक्क्याच्या आत, वळणाची त्रिज्या पाच टक्क्यांच्या आत, रुंदी अर्ध्या मीटरच्या आत, आडवा उतार दीड टक्क्याच्या आत. चढाला सरसकट मर्यादा नाही. उंचवट्यांच्या जागा आणि त्यांचा गोलावा एकेक करून बघावा लागतो. नुसतं मित्रांबरोबर रविवारी पळवायचं असेल तर याच्या दुप्पट ढिलाई चालेल. कुणी खऱ्या ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेकची जागा पाठ करायला वापरणार असेल, तर उंचवटा आणि आडवा उतार यांत ढिलाई देऊ नका.

बनवणाऱ्याला कळवताना जागा सुरुवातीच्या रेघेपासूनच्या मीटरमध्ये सांगा. उदाहरणार्थ, "२४१० ते २४७० मीटर, उजवी कड डावीपेक्षा चार सेंटिमीटर खाली, फोटोवरून ती सत्तर सेंटिमीटर तरी खाली असावी." सोबत तीन लॅपच्या फाइली आणि तो फोटो जोडा. हे लोक नोकरी सांभाळून, रात्री जागून, फुकट काम करतात. नेमका आकडा मिळाला तर पुष्कळदा पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती येते. नवी आवृत्ती आली की सगळे लॅप परत मारायची गरज नसते. तेवढ्याच साठ मीटरांवर डावी आणि उजवी कड धरून एकदा हळू गाडी न्या, आणि जुन्या फाइलीतून वजा करा.